आदर्श बंधूंची गळाभेट

बर्डीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला आपट्याच्या डहाळ्यांचे ढीग दिसायला लागले की माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली दोन बोटं, हुळहुळायला लागतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं काही नाही. चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, कॉलनीतल्या दोनेकशे माणसांसमोर त्या जागी मला एक पापा मिळाला होता. देणारा मोरेश्वर. तेव्हा एकोणीस वर्षं माझ्याबरोबर एका घरात राहिलेला माझा माणूस. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या तिथंच ठेवाव्यात, पुढे पुन्हा लागतील.

नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे उन्हाळ्याचं उरलेलं शिळं. सकाळी चादर ओढावीशी वाटते आणि दुपारी बाराला डांबर चपलेला चिकटतं. कूलर झाकून गच्चीवर टाकला की दुसऱ्याच दिवशी त्याची आठवण येते. झेंडूचा कडवट वास, गावोगावच्या बसमधून दीक्षाभूमीसाठी उतरणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं, चौकाचौकात पाण्याचे ड्रम. आणि या सगळ्यात दसरा ते कोजागिरी अशी ती पाचसहा दिवसांची ऋतूची फट, जिच्यात आमच्याकडचा पुरुष पुरुषाला मिठी मारतो. एरवी नागपूरचा माणूस माया दाखवायला शिवी देतो. पण हातात आपट्याचं पान आलं की तो विरघळतो. मिठ्याही किती प्रकारच्या! नुसता खांदा टेकवणारी, पाठीवर तीन थापा मारून सुटका करून घेणारी, पोटावर पोट आदळून दोघांनाही मागे ढकलणारी. वर्षभर भिंतीवरून भांडलेले शेजारी त्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीकडे परततात.

मोरेश्वर त्यातला नाही. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या डोळ्याला टोचतो. वाचून झालेला पेपर तो मूळच्या घडीवरच घडी घालून ठेवतो. मी वीज कार्यालयात कारकून, आणि हौस माईकची. लग्न असो, निरोप समारंभ असो, कुणाच्या साठीचा सत्कार असो, 'आता मी विनंती करतो' म्हणायला मला बोलावतात. मी बोलतो, तो मोजतो, असा आमचा संसार. त्या संध्याकाळपासून मात्र तो रस्त्यावर माझ्यापुढे तीन पावलं चालायला लागला. तीनच. कमी नाही, जास्त नाही. गेली चार वर्षं मला एकच गोष्ट हवी होती, की त्यानं ती तीन पावलं परत मागे यावं आणि माझा हात धरावा.

हात तो आधी धरायचा. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही फेऱ्या मारायचो, आणि दुसऱ्या फेरीपासून त्याचा हात माझ्या हातात असायचा. कुणी ढुंकून पाहायचं नाही, कारण मैदानावरचे निम्मे पुरुष तसेच चालायचे. कॉलनीचे सचिव रोकडेकाका आणि त्यांचे मित्र निखाडेसाहेब तीस वर्षं करंगळीत करंगळी अडकवून चालत आले होते. पोलीस ठाण्यातले शिपाईसुद्धा ड्युटी संपल्यावर एकमेकांचा हात धरून तर्री पोहे खायला जायचे. हात धरायला आपल्याकडे हरकत नाही. धरलेल्या हाताला काही वाटत असेल, तर हरकत.

पण आधी मावशी. तिच्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी रोकडेकाकांनी दारातच विचारलं, "तुमी दोघं कोण लागता गा एकमेकाचे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मावसभाऊ."

काकांनी दारावरची दोन आडनावं वाचली. आमच्या शहरात आडनाव वाचलं की माणसाचे आजोबा दिसतात. माझ्या आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली होती. मोरेश्वरच्या खापरपणजोबांनी भोसल्यांच्या राज्यात दप्तर लिहिलं होतं. या दोघांच्या आया सख्ख्या बहिणी? काकांच्या कपाळावर आठी पडली. मी मनातल्या मनात सामान परत ट्रकमध्ये चढवायला लागलो. तेवढ्यात समोरच्या दारातून पांढरीपांडेकाकू आनंदानं ओरडल्या, "अहो, मावशीचं लव्ह मॅरेज असेल हो!"

झालं. काकांची आठी उलगडली आणि एका वाक्यात मोरेश्वरला एक मावशी मिळाली. ही मावशी म्हणजे माझी आई, हे लक्षात घ्या. माझी खरी आई कामठीची, मागावर बसणाऱ्या घरातली. हातात ताकद इतकी की पाण्याची भरलेली घागर एका हातानं उतरवायची. ती आम्ही इथं येण्याआधीच गेली होती, म्हणून तक्रार करायला आली नाही. काकूंनी तिला महाल भागातल्या जोश्यांच्या घरात जन्माला घातलं. केस गुडघ्यापर्यंत सोडले. गाणं शिकवलं. कॉलेजात माझ्या बाबांशी तिची नजरानजर झाली. (बाबा मालधक्क्यावर पोती चढवायचे, कॉलेज त्यांनी बाहेरूनही पाहिलं नव्हतं.) वडिलांनी तिला माहेरचं दार बंद केलं, आणि माहेरच्या आठवणीनं झुरून बिचारी गेली. दर हळदीकुंकवाला ही कथा थोडी वाढायची. तिच्या वेणीत अबोलीचा गजरा मी घातला, हे कबूल करतो. मला मजा यायची. आईला कुणी असं धुऊन पुसून दुसरीच बाई करत असताना मी हसत बसलो, याची लाज फार उशिरा वाटली.

दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करत असतील एवढं पाहण्यापेक्षा एक अख्खी बाई घडवणं, तिला नटवणं, रडवणं आणि मारून टाकणं आमच्या कॉलनीला सोपं गेलं. त्यात दुष्टावा नव्हता. उलट माया होती. आणि त्या मायेच्या उबेत आम्ही दहा वर्षं निवांत राहिलो.

आमची कॉलनी दर दसऱ्याला एक आदर्श निवडते. आदर्श सून झाली, आदर्श विद्यार्थी झाला, एकदा तर आदर्श भाडेकरू झाला. त्या वर्षी दोन घरांत सख्खे भाऊ कोर्टात गेले होते, म्हणून रोकडेकाकांनी सगळ्यांना धडा मिळावा या हेतूनं 'आदर्श बंधू' असा सत्कार काढला. सत्कारमूर्ती अर्थात आम्ही. निवेदक अर्थात मी. स्वतःच्या सत्काराला स्वतःलाच मंचावर पाचारण करायचं भाग्य किती जणांना लाभतं?

शाल आली, नारळ आला, सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आलं. काकूंनी माईकजवळ येऊन मावशीची कथा थोडक्यात, म्हणजे बारा मिनिटांत, सांगितली आणि पदर डोळ्याला लावला. रोकडेकाका म्हणाले, "एका मायच्या पोटचे भाऊ आज एकमेकाचं तोंड पाहत नाहीत, अन् हे मावसभाऊ पाहा! आता दोघा भावानं सर्वायसमोर गळाभेट घ्यावी."

टाळ्या सुरू झाल्या. मी हात पसरले, माईक हातातच. मोरेश्वर पुढे आला. त्याची मिठी मी ओळखतो. सगळ्या गोष्टींसारखी मोजकी. पण त्या दिवशी त्यानं मोजलं नाही. त्यानं मला घट्ट धरलं, चेहरा माझ्या मानेत खुपसला आणि कानाखाली पापा घेतला. मग तो हळूच म्हणाला, माझ्यासाठीच म्हणाला, पण माईक चालू होता आणि कॉलनीच्या चार खांबांवर चार कर्णे होते.

"मी तुझा भाऊ नाही गा."

विजेचा फीडर बंद पडला की एकेक मोहल्ला कसा अंधारात जातो, तशा टाळ्या पुढच्या रांगेपासून मागे थांबत गेल्या. सगळ्यात शेवटी, दूर पाणपोईजवळ, कुणीतरी बहिरा माणूस एकटाच टाळ्या वाजवत राहिला.

मोरेश्वरनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. तो वाट पाहत होता. माईक माझ्या हातात होता. आयुष्यभर ज्याच्या तोंडाला कुलूप लागलं नाही असा मी, त्या दोनशे चेहऱ्यांकडे पाहून म्हणालो, "यानंतर अल्पोपहाराची व्यवस्था केलेली आहे."

घरी आल्यावर त्यानं शाल घडीवर घडी घालून ठेवली.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "अन् तू म्हणाला, अल्पोपहार."

मी म्हणालो, "मले काही सुचलंच नाही गा."

"तुले?"

एवढंच. तो भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन पावलं पुढे होता.

त्यानंतरचे ते पाचसहा दिवस सोन्यासारख्या ऋतूतले. आमच्या ताटातलं सोनं तसंच वाळलं. पोरंटोरं जिन्यापर्यंत यायची आणि खालून कुणाची तरी हाक आली की उलट पळायची. तिसऱ्या दिवशी रोकडेकाका आले. आत आले नाहीत.

"ते प्रमाणपत्र वापस पाहिजे होतं."

मी विचारलं, "काहून? काही चूक झाली का लिहिण्यात?"

"लिहिण्यात नाही. नात्यात."

मी प्रमाणपत्र दिलं. शाल दिली. काका घुटमळले. "अन् नारळ?"

"त्याची चटणी झाली, काका. पाहिजे त देतो डब्यात."

काका जिना उतरले. तेव्हा लक्षात आलं, त्यांनी मला 'दिलीपभाऊ' म्हटलं नव्हतं. नागपुरात भाऊ म्हणायला नातं लागत नाही, भाजीवाला भाऊ, कंडक्टर भाऊ, अंगावर गाडी घालणाराही भाऊच. पण कॉलनीनं आमच्या नावांपुढून तो शब्द उचलून नेला. आता आम्ही 'ते दोघं' झालो, किंवा फार तर 'साहेब'.

काकूंचा संताप वेगळा होता आणि खरं सांगू, मला तोच पटला. त्या दारातूनच बोलल्या. "तुमच्या आईसाठी मी रडले हो! खरं पाणी काढलं डोळ्यातून. चाळीस बायकांना तिची गोष्ट सांगितली मी. आणि तशी बाईच नव्हती?"

"काकू, आई होती. तुम्ही सांगायच्या तशी नव्हती, एवढंच."

"मग मी सांगत असताना बोलायचं नाही का? आणि काय ते तुमचं... घरात काय करायचं ते करा ना! चारचौघांत कशाला?"

चारचौघांत आम्हाला तुम्हीच नेलंत, शाल घालून नेलंत, असं म्हणायचं होतं. पण काकूंचं नाक लाल झालं होतं.  त्या महिन्यात मी फारच गप्प बसायला लागलो होतो.

'चारचौघांत' या शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला. हे चौघं कोण? कॉलनीत आम्ही सगळ्या जातींचे, सगळ्या पक्षांचे, गणपतीच्या मिरवणुकीचा रस्ता ठरवायला आम्हाला तीन बैठका लागतात. या एका मुद्द्यावर मात्र बैठकीविना एकमत झालं. माझा चुलतभाऊ, विहारात समतेवर दर पौर्णिमेला बोलणारा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "समतेचं ठीक आहे गा दिलीप. पण ह्याले समता म्हणत नाहीत." मोरेश्वरच्या मोठ्या बहिणीनं दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं आणि निरोप मात्र पाठवला, की यायचं तर एकटा ये. माझा चुलतभाऊ आणि मोरेश्वरची बहीण एरवी एका ताटावर कधी बसले नसते. आम्ही त्यांना एका वाक्यावर आणून बसवलं. आमच्या हातून झालेलं हे एकमेव राष्ट्रीय एकात्मतेचं काम.

मंचावरचा फोटो कारखान्याच्या बसपर्यंत पोचायला एक दिवस लागला. हिंगण्याच्या त्या बसमध्ये तीन माणसांच्या सीटवर चार बसतात. मोरेश्वरच्या सीटवर तो एकटा. दांड्याला लोंबकळत जायची माणसं, पण शेजारी बसायची नाहीत. कुणी मागून चुंबनाचा आवाज काढायचा, मग हशा. तो खिडकीबाहेर पाहत जायचा. मी म्हणालो, माझ्या स्कूटरवर चल. तो म्हणाला, "एका सीटवर दोघं बसून जायचं? आता?"

सगळ्यात विचित्र गोष्ट मैदानावर झाली. रोकडेकाका आणि निखाडेसाहेबांच्या करंगळ्या सुटल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पण आता धरलेल्या हाताकडे लोक पाहायला लागले होते, आणि पाहिलं जातंय हे त्या दोघांच्या लक्षात आलं होतं. निखाडेसाहेबांना एका डोळ्यानं कमी दिसतं, त्यांचा हात सवयीनं बाजूला जायचा आणि रोकडेकाका आपला हात पाठीमागे बांधून घ्यायचे. हळूहळू मैदानावरचे सगळेच पुरुष हात पाठीशी बांधून चालायला लागले, कैद्यांसारखे. पुढच्या दसऱ्याला गळाभेटही गेली. आता आमच्याकडे सोनं वरून सोडतात, खालच्याच्या तळहातावर, बोटाला बोट न लावता. एका माणसानं एकदा मनापासून मिठी मारली, म्हणून बाकीच्यांनी खोट्यासुद्धा मारायच्या सोडल्या.

यंदा उन्हाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं, की मला दीक्षाभूमीला जायचं आहे आणि गर्दीत एकट्यानं जमणार नाही. मोरेश्वरनं पेपरमधून डोकं वर काढलं नाही. सकाळी पाहतो तर पांढरा सदरा इस्त्री करून घालून तयार.

गर्दी तुम्ही पाहिली असेल तर सांगायला नको, आणि नसेल तर सांगून कळणार नाही. गावंच्या गावं चालत असतात. चुकू नये म्हणून माणसं एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, म्हातारे, तरणे, बाप्ये, बाया. पुस्तकांच्या दुकानांसमोर रेटा आला आणि मोरेश्वरनं माझा हात धरला. चार वर्षांनी. मी थोडा लंगडलो, आणखी थोडा लंगडलो. अंगात नट आहे, काय करणार?

 दहाबारा पावलं गेल्यावर तो खाली पाहत म्हणाला, "ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं झालं ना?"

"हो ना बाप्पा. फार ठणकून राहिला."

"मग उजवा पाय काहून ओढून राहिला गा?"

आजूबाजूच्या साखळीतल्या बायका हसल्या. मीही हसलो. त्यानं हात सोडला नाही.

येताना ऑटो केला. आमचे हात सीटवर मध्ये पडलेले होते. चालकानं आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गाडी हळू करून म्हणाला, "ओ साहेब, मंगापासून पाहून राहिलो. हे काय लावलं? माझ्या गाडीत लेडीज, लेकरं बसतेत." मोरेश्वरनं हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मी चालकाला काहीतरी तिखट बोललो, काय ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी त्यानं काही परत येणार नव्हतं.  मला वाटलं, संपलं. गर्दीतलं गर्दीत राहिलं.

कॉलनीच्या फाटकाशी रोकडेकाका आपट्याच्या पानांचं ताट घेऊन उभे होते, सचिव म्हणून दरवर्षी असतात तसे. खुर्च्यांवर पाचसात जण, त्यांत काकू. मी ऑटोतून उतरलो, धड पायानं, लंगडायचं विसरून. मोरेश्वर माझ्यामागून उतरला. मी सवयीनं थांबलो, त्याला तीन पावलं पुढे जाऊ द्यायला.

तो शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं उजव्या हातानं माझा डावा हात धरला. बोटांत बोटं घालून.

 काकांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. "आधार देऊन राहिले का? पाय दुखत असन त्याहिचा."

मला हो म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"पाय बरा आहे त्याचा," मोरेश्वर म्हणाला.

काकांनी ताटातलं एक पान उचललं, काय करावं न सुचून, आणि मोरेश्वरपुढे उंच धरलं, वरून सोडायला. मोरेश्वरनं डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं सोनं घेत नाहीत," काकांचा आवाज चिरकला. "उजवा करा."

"उजवा रिकामा नाही."

काकांनी पान पुन्हा ताटात टाकलं. "शी," असं कुणीतरी म्हणालं, बहुधा काकू. एक खुर्ची करकरली, कुणीतरी पाठ फिरवून बसलं. फाटकापासून आमच्या जिन्यापर्यंत चौदा घरं आहेत, आणि दसऱ्याची संध्याकाळ, म्हणजे सगळी दारं उघडी. काही आमच्या पुढ्यात लागली. मोरेश्वर एकेका दारासमोरून चालत राहिला, माझ्या चालीनं, ना पुढे ना मागे. त्याचा हात घामानं निसटत होता, आणि दर चार पावलांवर तो पकड नीट करून घेत होता.